किल्ली स्वतःकडे न ठेवणारा वायफायवाला: विश्रामबागेतला आमचा अनुभव

आधीच सांगते, ज्याच्या कामाबद्दल लिहितेय त्याचं दुकान नाही, पाटी नाही. मिरजेचा मुलगा आहे, दिवसा कुपवाड एमआयडीसीत नोकरी करतो आणि संध्याकाळी ओळखीतल्या घरांतली नेटची कामं बघतो. नाव-नंबर कुठं टाकू नका, नोकरी सांभाळून जास्त घरं होत नाहीत, असं तोच म्हणाला. तरी लिहितेय. त्यानं आमच्या घरी काय केलं आणि कसं केलं हे माहीत असेल, तर तुम्ही कुणालाही बोलावलंत तरी काम नीट करून घ्याल.

आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. नववी-दहावीच्या गणिताचे क्लास मी घरीच घेते, चौदा वर्षं झाली. विलिंग्डन आणि वालचंद ही दोन्ही कॉलेजं जवळ, त्यामुळे आजूबाजूला कॉट बेसिसवर राहणारी पोरं भरपूर. आमच्या मागच्या भिंतीला लागून तर तीन मजली हॉस्टेलच आहे. संध्याकाळी सात ते आठ माझी एक बॅच ऑनलाइन असते, जत आणि कवठेमहांकाळकडच्या मुलींसाठी. त्यांना रोज सांगलीला येणं परवडत नाही.

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर ही बॅच घेणं मुश्कील झालं. मी वर्तुळाला स्पर्शिका काढावी आणि पलीकडं नुसतं वर्तुळच दिसावं. "मॅडम, अडकलं ओ," असं दर दोन मिनिटांनी. प्लॅनची महिन्याची मर्यादा वीस तारखेलाच संपायची आणि पुढचे दहा दिवस नेट रांगत चालायचं. कंपनीला फोन केला तर म्हणाले, तुमचा वापरच जास्त आहे, मोठा प्लॅन घ्या. एका कॉम्प्युटरच्या दुकानात विचारलं तर साडेचार हजारांचा नवा राउटर, म्हणजे घरात वायफाय देणारा डबा, पुढं केला. आमचा वापर नक्की काय आहे, हे बघायला दोघांपैकी कुणीही घरी आलं नाही. घरात माणसं तीन. मी, आमचे हे आणि सासरे. अप्पा दुपारी कीर्तन लावतात आणि हे रात्री बातम्या बघतात. त्यात महिन्याचा डेटा वीस दिवसांत कसा संपेल, हा माझा साधा प्रश्न होता.

मग एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी या मुलाचं नाव सांगितलं. फोनवर त्यानं पहिला प्रश्न विचारला, "काकू, पासवर्ड शेवटचा कधी बदलला?" मला आठवेना. दुसरा प्रश्न, "पासवर्ड म्हणजे कुणाचा मोबाइल नंबर आहे का?" होता. ह्यांचा होता. आणि तोच नंबर क्लासच्या पाटीवर, गेटला, दोन इंच उंचीच्या आकड्यांत रंगवलेला आहे. फोनवर बोलत असतानाच मी खिडकीतून ती पाटी बघितली आणि मला धस्स झालं.

दिवसा येतो का विचारलं तर नको म्हणाला. रात्री साडेआठनंतर येतो, कारण सगळे जेवून फोन घेऊन बसतात तेव्हाच खरी गर्दी दिसते. सांगितलेल्या वेळेपेक्षा चाळीस मिनिटं उशिरा आला आणि तसा फोनही केला नाही. हे मला आवडलं नाही, त्याला तोंडावर सांगितलंही.

आल्यावर राउटरला हात लावायच्या आधी त्यानं मला वही-पेन घ्यायला सांगितलं. घरात वायफायवर चालणारी प्रत्येक वस्तू लिहा. मी लिहिलं: माझा फोन, ह्यांचा फोन, ह्यांचा ऑफिसचा फोन, अप्पांचा फोन, लॅपटॉप, क्लासचा टॅब, हॉलमधला टीव्ही, प्रिंटर, गेटवरचा कॅमेरा. नऊ. मग त्यानं माझ्याच लॅपटॉपवर ब्राउझर उघडून १९२.१६८.१.१ टाकलं. हा राउटरचा घरातला पत्ता. काही डब्यांचा १९२.१६८.०.१ असतो, डब्याखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. आत जायला लागणारं नाव आणि पासवर्डसुद्धा त्या स्टिकरवरचंच चाललं. म्हणजे आमच्या वायफायवर बसलेला कुणीही माणूस राउटरच्या आत जाऊन सगळं बदलू शकला असता.

तिथं जोडलेल्या उपकरणांची यादी निघाली. पण तो म्हणाला, यावर लगेच विश्वास ठेवू नका, यात काल येऊन गेलेलेही काही वेळ दिसत राहतात. या घडीला कोण हजर आहे ते बघायला त्यानं माझ्या फोनवर फिंग नावाचं मोफत ॲप घेतलं. ते सगळ्या नेटवर्कला हाक मारून जे ओ देतात त्यांची यादी करतं, आणि जमेल तिथं वस्तू कुठल्या कंपनीची आहे तेही दाखवतं. राउटर सोडून सतरा निघाले. माझ्या वहीत नऊ.

इथं माझ्यासारखीचा गोंधळ होतो, म्हणून सविस्तर सांगते. प्रत्येक उपकरणाला एक मॅक पत्ता असतो, बारा अक्षर-आकड्यांचा, आणि त्यातली पहिली सहा अक्षरं कंपनी कोणती ते सांगतात. पण अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन खरा पत्ता न सांगता प्रत्येक वायफायला एक बनावट पत्ता देतात, आपला माग कुणी काढू नये म्हणून. त्यामुळे माझा स्वतःचा फोनही यादीत "अनोळखी" म्हणून आला आणि मी त्याच्यावरच बोट ठेवलं. त्यानं खूण दाखवली: पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट पत्ता. म्हणजे अनोळखी दिसला की चोरच, असं नाही. मग ओळखायचं कसं? एकेका वस्तूचं वायफाय बंद करायचं, परत शोधायचं, कोणती ओळ गेली ते बघायचं. आम्ही तसंच केलं. अप्पांनी त्यांचा फोन बंद केला, एक ओळ गेली, मी वहीत त्यांच्या नावापुढं पत्त्याची शेवटची चार अक्षरं लिहिली. टीव्ही बंद, एक ओळ गेली. असं एकेक करत सगळ्या वस्तू. अर्धा तास लागला. पण या अर्ध्या तासात आपल्या घरात काय काय चालू असतं ते मला पहिल्यांदा कळलं.

घरातल्या सगळ्या ओळी वजा करूनही आठ शिल्लक होत्या. एक टीव्ही आणि सात फोन.

टीव्ही कुणाचा ते मला लगेच कळलं. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा शेजारच्या वहिनींच्या मुलाला ऑनलाइन शाळेसाठी मीच पासवर्ड दिला होता. त्याच्याही आधी ऑगस्ट २०१९ च्या पुरात गावभागातले आमचे नातेवाईक घर सोडून आमच्याकडं आले होते, घरात चौदा माणसं होती आणि नेट सुरू झाल्यावर प्रत्येकाच्या फोनवर तो टाकून दिला होता. त्या दोन्ही वेळी दिला ते बरोबरच केलं, उद्या तशी वेळ आली तर परत देईन. पण पाणी ओसरलं, शाळा उघडल्या, आणि पासवर्ड तोच राहिला. दर वर्षी एक बॅच बाहेर पडते, त्यातल्या कुणाकुणाच्या फोनमध्ये तो गेलाय याचा हिशेब कुणी ठेवला?

त्या मुलानं मला दाखवलं की एकदा जोडलेल्या अँड्रॉइड फोनवर वायफायच्या सेटिंगमध्ये शेअर दाबलं की चौकोनी क्यूआर कोड येतो. दुसऱ्यानं तो स्कॅन केला की झाला आत. त्या कोडमध्ये पासवर्ड जसाच्या तसा असतो. त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला तर अख्खं हॉस्टेल आत. आमचं कुलूप कुणी फोडलं नव्हतं, किल्लीची नक्कल हातोहात फिरत होती.

शेजारी-पाजारी वापरतात तर वापरू देत, असं अप्पांचं म्हणणं पडलं. ते जुन्या वळणाचे, विहिरीवर पाणी भरायला कुणाला नाही म्हणायचं नाही, असं मानणारे. त्यावर मुलानं त्यांच्याजवळ बसून शांतपणे सांगितलं, "अप्पा, पाण्यावर आपलं नाव नसतं. नेटवर जे जातं त्यावर तुमच्या घराचं नाव असतं." २००८ साली अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी दहशतवाद्यांचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता. चौकशी आधी त्या घरात राहणाऱ्याची झाली. हे ऐकल्यावर अप्पा गप्प झाले आणि मग स्वतःच म्हणाले, बदला.

आता त्यानं केलेली कामं. नवा पासवर्ड, हे पहिलं. डब्ल्यूपीए२ मध्ये, म्हणजे आमच्या डब्यातल्या वायफायच्या कुलपाच्या प्रकारात, पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, आणि लांबीच खरी ताकद. मोबाइल नंबर म्हणजे दहाच आकडे, त्यात आपल्याकडचे नंबर ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतात, म्हणजे शक्यता उरल्या ४०० कोटी. ऐकायला मोठा आकडा आहे, पण कुणी वायफायला जोडणी होतानाची देवाणघेवाण हवेतून टिपली, तर घरी बसून चांगल्या ग्राफिक्स कार्डावर तो काही तासांत संपवता येतो. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचे. गाण्याची ओळ नको, म्हण नको, घरातली नावं नकोत.

आणि या जागी त्यानं जे केलं त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा त्यानं लॅपटॉप माझ्याकडं सरकवला, उठला आणि खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. "काकू, तुम्ही टाका. मला सांगू नका. नंतर फोनवर विचारलं तरी सांगू नका." राउटरच्या आत जायचा पासवर्ड बदलतानाही तसंच. मी दोन वेळा चुकले, परत टाकला, तो तसाच उभा. आजवर घरी केबलवाले, कॅमेरेवाले, इन्व्हर्टरवाले किती येऊन गेले. प्रत्येकानं स्वतःच पासवर्ड ठेवला आणि मला कागदावर लिहून दिला. त्यात काही वावगं आहे असं मलाही कधी वाटलं नव्हतं.

दुसरं, डब्ल्यूपीएस बंद. राउटरवर एक बटण असतं, ते दाबलं की पासवर्डाशिवाय जोडणी होते. त्याचीच एक पिनची पद्धत असते, आठ आकड्यांची. यातलं गणित मला इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात सांगितलं. आठ आकडे म्हणजे १० कोटी शक्यता. एका प्रयत्नाला तीन सेकंद धरले तर साडेनऊ वर्षं लागतील. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, तो मोकळा नाही. आणि राउटर पिन दोन तुकड्यांत तपासतो, पहिले चार बरोबर आहेत की नाही ते वेगळं सांगून टाकतो. म्हणजे पहिल्या तुकड्याला १०,००० प्रयत्न आणि दुसऱ्याला १,०००. गुणाकार व्हायला हवा होता तिथं बेरीज झाली: ११,०००. तीन सेकंदांनी गुणा, सव्वानऊ तास भरत नाहीत. ही खोट २०११ मध्येच जगजाहीर झाली आणि आमच्या २०१८ च्या डब्यात ती पिन चालूच होती. माझ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, मॅडम, मग एकदम आठही आकडे का तपासले नाहीत? मला उत्तर देता आलं नाही, पण प्रश्न अगदी बरोबर आहे.

तिसरं, पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय. हे आमच्या डब्यात पहिल्यापासून होतं, कुणी सुरूच केलं नव्हतं. त्याचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि त्यावरून फक्त नेट मिळतं. लॅपटॉप, प्रिंटर, घरातलं दुसरं काही दिसत नाही. विद्यार्थी, पाहुणे यांना हेच द्यायचं आणि दर महिन्याला बदलायचं. गेटवरचा कॅमेराही त्यानं मुद्दाम याच बाजूला टाकला आणि कॅमेऱ्याचा कंपनीचा पासवर्ड मला बदलायला लावला. याची चाचणी त्यानं स्वतःच्या फोनवर केली आणि जाताना म्हणाला, मी गेल्यावर पाहुण्यांचा पासवर्डही बदला, कारण तो आता माझ्या फोनमध्ये आहे. मी बदलला.

बाकी भराभर सांगते. राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत केलं, इन्व्हर्टर चालू आहे ना ते आधी बघून, कारण मध्येच लाइट गेली तर डबा निकामी होऊ शकतो. बाहेरून राउटरमध्ये शिरायची सोय चालू होती, ती बंद केली. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ आणि त्यातली माहिती सांकेतिक करायची पद्धत एईएस अशी ठेवली. २०१८ मध्ये आलेला त्याच्या पुढचा प्रकार, डब्ल्यूपीए३, आमच्या डब्यात नाही, पण पासवर्ड लांब असेल तर तेवढ्यासाठी आज नवा राउटर घ्यायची गरज नाही, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. विकायला त्याच्याकडं राउटर होता. डबा मागच्या खिडकीत होता, हॉस्टेलच्या अगदी तोंडावर. तो हॉलमध्ये कपाटावर आणला. रेंज तरीही भिंतीपलीकडं जाते, त्यावर भिस्त नाही, पण आता क्लासच्या खोलीत ती पूर्वीपेक्षा चांगली येते.

माझ्या दिरांनी दोन गोष्टी सुचवल्या होत्या, त्या त्यानं केल्या नाहीत. एक, ठरावीक मॅक पत्त्यांनाच परवानगी. म्हणाला, तो पत्ता हवेतून वाचता येतो आणि नक्कलही करता येते. चोराला अडवत नाही आणि घरातल्यांना मात्र छळतो. दुसरी, वायफायचं नाव लपवणं. लपवलेलं नाव शोधण्यासाठी आपलाच फोन जाईल तिथं ते नाव पुकारत राहतो. दिरांना हे पटलं नाही, मला पटलं.

चूक सांगायलाच हवी. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सराव पेपर छापायला गेले तर प्रिंटर नेटवर नाही. त्याला स्क्रीन नाही, तो जोडायचा ते डब्ल्यूपीएसच्याच बटणावर, आणि ते आता बंद. हे आदल्या रात्रीच त्याच्या लक्षात यायला हवं होतं. मी बावीस मुलांचे पेपर चौकात झेरॉक्सला नेले. फोन केल्यावर त्यानं चूक मान्य केली, प्रिंटर यूएसबीच्या वायरनं लॅपटॉपला जोडून त्यातून नवा पासवर्ड कसा भरायचा ते फोनवर दहा मिनिटांत सांगितलं, आणि पासवर्ड काय हे खरंच विचारलं नाही. पावतीही त्यानं दिली नाही. पैसे घेतले सातशे. दोन तास बसला, त्या मानानं सातशे जास्त नाहीत, पण पावती द्यायला हवी.

आता फरक. त्या महिन्यात मर्यादा संपलीच नाही, अर्ध्याहून जास्त डेटा शिल्लक राहिला. जतच्या मुलींना स्पर्शिका दिसते. मोठा प्लॅन घेतला नाही.

आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात दोन मुलं उभी. एक माझाच जुना विद्यार्थी, आता इंजिनिअरिंगला. "मॅडम, नेट बंद हाय काय ओ? परवापासनं लागंना." त्याच्या चेहऱ्यावर काही लपवल्याचा भाव नव्हता. दहावीत असताना मीच दिलेला पासवर्ड, त्याला वाटलं मॅडमचं म्हणजे आपलंच. मी रागावले नाही. आत बोलावलं, चहा दिला, आणि सगळं सांगितलं, नवी मुंबईचं प्रकरणसुद्धा. किती जणांना दिलास विचारलं तर त्यानं बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि पाचव्या बोटावर थांबला. परीक्षेचा फॉर्म भरायचा असेल तर ये, पाहुण्यांचा पासवर्ड देईन, असं सांगितलंय. दोनदा येऊन गेलाय. शेजारच्या वहिनींना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी पुढच्याच आठवड्यात स्वतःचं कनेक्शन घेतलं, बोलणं-चालणं पूर्वीसारखंच आहे.

वहीचं ते पान मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. रविवारी जेवणं झाली की फिंग उघडते आणि ओळी जुळवते, पाच मिनिटांचं काम. परवाच्या रविवारी एक जास्तीची ओळ दिसली. पुण्याहून लेक आला होता, त्याचा ऑफिसचा फोन. पासवर्ड मी दिला नव्हता. अप्पांच्या फोनवरून त्यानं क्यूआर स्कॅन केला होता. त्याला तिथल्या तिथं तो नेटवर्क फोनमधून काढायला लावला, पाहुण्यांच्या वायफायवर जोडून दिला, आणि पानावर दहावी ओळ पेन्सिलनं लिहिली. सोमवारी सकाळच्या गाडीनं तो गेला, तेव्हा खोडली.